दीड मिनिटाची इंग्रजी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी इंग्रजीचा शिक्षक. म्हणजे होतो. १९८८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि २०२२ साली निवृत्त झालो. चौतीस वर्षांपैकी पहिली बारा गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीच्या बाजूला गेली. उरलेली चंद्रपूर जिल्ह्यात. शिक्षक निवृत्त झाला की लोक त्याला शिक्षणावर बोलायला बोलावतात आणि तोही ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करून बोलतो. आज मी जे सांगणार आहे ते मात्र मी शिकवलेल्या इंग्रजीबद्दल नाही. मी न शिकवता जे शिकले गेलं, त्याबद्दल आहे. आणि त्यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगून टाकतो.

२००१ सालची गोष्ट. चिमूर तालुक्यातल्या एका गावात मी आठवीला इंग्रजी शिकवत होतो. आदल्याच वर्षी, २००० साली, सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली होती. माझ्यासमोरची पोरं मात्र जुन्या चालीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. धडा सर्वनामांचा. ‘ही’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती. आता ‘शी’ म्हटलं की मराठी वर्गात खसखस पिकतेच, त्याला इलाज नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी उभं केलं आणि म्हटलं, म्हण, शी इज माय सिस्टर. तो म्हणाला, ‘सी इज माय सिस्टर.’

आपली झाडीबोली ज्यांच्या कानावर आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. या बोलीत ‘श’ नाही, ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळा हा डोरा होतो, पाणी हे पानी होतं. मुलगा घरी जे बोलत होता त्यात ‘शी’ हा आवाजच नव्हता. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी त्याच्याकडून ते वाक्य पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचही वेळा ‘सी’. मी हसलो. मास्तर हसला म्हटल्यावर वर्ग हसला. छडी मी कधी वापरली नाही याचा मला त्या काळी अभिमान होता.

पुढे तो दहावीला इंग्रजीत नापास झाला आणि शाळा सुटली. असे पुष्कळ नापास होत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दहावीचा निकाल लागला की ‘कशात गेला?’ असा प्रश्न असे आणि उत्तर बहुधा गणित नाही तर इंग्रजी. खरं सांगायचं तर मी त्याला विसरून गेलो होतो.

डिसेंबर २०२२ मध्ये माझा भाचा इंग्लंडहून आला, सोबत त्याचे दोन सहकारी. त्यांना वाघ पाहायचा होता. ताडोबाचं कोलारा गेट आम्हाला सोयीचं, म्हणून पहाटेच तिथं पोचलो. जिप्सीत गाइड चढला, पस्तिशीचा, खाकी कपड्यातला. त्यानं पाहुण्यांना इंग्रजीत नमस्कार केला, जंगलातले नियम सांगितले आणि आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर होतो. शिक्षकाची खोड जात नाही. मी त्याच्या चुका मोजत होतो. दोन-तीन सापडल्या. पण एका ठिकाणी मोजणं थांबलं.

रस्त्याच्या धुळीत वाघाच्या पावलांचे ठसे उमटले होते. त्यानं जिप्सी थांबवली, बोटानं दाखवलं आणि म्हणाला, ‘अ टायगर हॅज वॉक्ड हिअर.’ आणि मग पाहुण्यांना हळू आवाजात, ‘द टायगर वॉक्ड हिअर धिस मॉर्निंग, बिफोर द फर्स्ट जिप्सी.’

श्रोतेहो, या दोन वाक्यांत इंग्रजी व्याकरणाची दोन मोठी प्रकरणं आहेत. पहिल्यांदा उल्लेख आला तेव्हा ‘अ टायगर’, कुठला तरी एक वाघ. तोच वाघ पुन्हा आला तेव्हा ‘द टायगर’. मराठीत या ‘अ’ आणि ‘द’ला शब्दच नाही, त्यामुळे आपला माणूस एक तर ते खाऊन टाकतो किंवा शिंपडल्यासारखे कुठंही टाकतो. दुसरं प्रकरण काळाचं. ‘हॅज वॉक्ड’ म्हणजे चालणं झालं, पण त्याची खूण आत्ता डोळ्यांसमोर आहे. आणि सकाळ असा नेमका वेळ सांगितला की ‘हॅज’ निघून जातं, साधा भूतकाळ येतो. मी हे प्रकरण तीस वर्षं ‘आय हॅव जस्ट फिनिश्ड माय होमवर्क’ या वाक्यानं शिकवलं. गृहपाठ कुणी केलेला नसे, त्यामुळे उदाहरणच खोटं. खरं म्हणजे मराठीत हा फरक आपल्याला उपजत कळतो. ‘वाघ गेला’ आणि ‘वाघ गेलाय’ यात जो फरक आहे तोच थोडाफार इथंही आहे. धुळीतला ठसा दाखवून हे सांगावं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

परत गेटवर आल्यावर तो माझ्याजवळ आला. ‘सर, ओरखलं नाई का मले?’

मी ओळखलं नव्हतं. त्यानं गाव सांगितलं, वर्ष सांगितलं, आणि मग हसत म्हणाला, ‘सी इज माय सिस्टर.’

आम्ही टपरीवर चहा घेतला. पाहुणे फोटो बघण्यात दंग होते. मी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलास? क्लास लावला? त्यानं खिशातून मोबाईल काढला. सकाळची फेरी संपून दुपारची सुरू होईपर्यंत गेटवरच्या गाइड लोकांना चार-पाच तास रिकामे असतात. कुणी झोपतं, कुणी पत्ते खेळतं. तो झाडाखाली बसून इंग्रजीच्या छोट्या चित्रफिती पाहायचा. एक मिनिटाच्या, दोन मिनिटांच्या. एका चित्रफितीत एकच गोष्ट. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक. हॉटेलात पाणी कसं मागायचं. ‘बीच’ आणि ‘बिच’ या शब्दांत घोळ झाला तर काय होतं. हे त्यानं २०१७ पासून केलं होतं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला; त्याआधी हे त्याच्या खिशाला परवडण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, पण शाळेत पाच-सहा वर्षं शिकून जे आलं नाही ते यानं कसं आलं?

तो म्हणाला, ‘मोबाईल हासत नाई, सर.’

चहा तसाच राहिला माझा.

नंतर तो एकदा नव्हे, अनेकदा भेटला, आणि आता तर आमचं येणंजाणं आहे. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो पाहत असे त्या चित्रफिती स्वतः पाहायला बसलो. मनात थोडी खुन्नस होती, लपवत नाही. चार दिवस पाहिल्यावर ती उतरली.

तसं पाहिलं तर यंत्रातून इंग्रजी शिकवण्याची कल्पना काही आजची नाही. बीबीसीनं १९४३ साली ‘इंग्लिश बाय रेडिओ’ सुरू केलं. १९५९च्या ऑक्टोबरात व्हॉइस ऑफ अमेरिकेनं ‘स्पेशल इंग्लिश’ आणलं; सुमारे दीड हजार शब्दांत, सावकाश, वाक्य तोडून तोडून बातम्या द्यायच्या. एटापल्लीकडे खोली घेऊन राहत होतो तेव्हा रात्री शॉर्टवेव्हवर हे मी ऐकलेलं आहे. आवाज समुद्राच्या लाटेसारखा वर-खाली व्हायचा, पण इंग्रजी हा बोलण्याचा प्रकार आहे, फक्त लिहिण्याचा नाही, हे मला त्यामुळेच कळलं. ज्या संस्थेचा तो कार्यक्रम होता तिचं काम २०२५ साली जवळजवळ ठप्प झालं तेव्हा मला आपल्या गावची शाळा बंद पडावी तसं वाईट वाटलं. आपल्याकडे पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली होती. मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती मराठीतून करणारी ती संस्था २०१७ साली बंद झाली. मी ज्या एका शाळेत होतो तिथं दूरदर्शन संच आला होता. वीज नव्हती. संच मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात सुखरूप राहिला, आणि दरवर्षी साठा नोंदवहीत त्याची नोंद मात्र बिनचूक होत गेली.

तेव्हा कल्पना जुनी. नवं काय, तर लांबी. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा. त्या वेळी तुम्ही बैल सोडायला गेलात तर तो गेला. दीड मिनिटाची चित्रफीत तुमच्यासाठी थांबते. पाहिजे तितक्या वेळा मागे जा. आणि दुसरं म्हणजे तोंड दिसतं. रेडिओवर बोलताना हे कबूल करायला थोडा संकोच वाटतो, पण रेडिओवर ओठ दिसत नाहीत.

याचं एक उदाहरण देतो. आपण मराठी माणसं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकाच ‘व’नं करतो. लिहिताना एकाला ‘व्ह’ लिहितो आणि वाटतं फरक केला. तो फरक कागदावरचा. इंग्रज माणूस ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतो. ‘डब्ल्यू’ म्हणताना दात कुठंच लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो, शिट्टी वाजवताना होतो तसा. ‘व्हिलेज’मधला आवाज वेगळा, ‘वॉटरहोल’मधला वेगळा. ऐकणारे श्रोते आत्ता आपापल्या घरी करून पाहत असतील तर जरूर पाहावं, कुणी बघत नाही. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं का? होतं. बी.एड.ला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. केलं मात्र कधीच नव्हतं. म्हणजे एका मुलाच्या ‘सी’ला हसणारा मी स्वतः चौतीस वर्षं ‘व्हेरी वेल’ चुकीचं म्हणत होतो, आणि मला हसणारं वर्गात कुणी नव्हतं.

तसाच शब्दांवरच्या आघाताचा प्रकार. ताडोबात येणाऱ्या पाहुण्यांत फोटो काढणारे फार. आमचा गाइड ‘फोटोग्राफर’ हा शब्द पहिल्या ‘फो’वर जोर देऊन म्हणायचा, परदेशी पाहुण्यांना पटकन कळायचा नाही. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की तो उडी मारून ‘टॉ’वर जातो. मराठीत शब्दाच्या अशा कोलांट्या नाहीत. हे समजावून सांगायला मला फळ्यावर दहा मिनिटं लागली असती. चित्रफितीतली बाई टाळी वाजवून पंचेचाळीस सेकंदांत सांगते.

आता कौतुक पुरे. दुसरी बाजूही सांगायला हवी.

या चित्रफितींचा बाजार मोठा आहे आणि त्यात माल कसलाही मिळतो. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही आरोळी आमच्या तरुणपणी एसटी स्टँडवरच्या पुस्तकांवर असे. ती आता मोबाईलवर आली आहे. रॅपिडेक्सच्या कोर्सवर कपिल देव दिसायचा, इथं सूट घातलेला एखादा मुलगा ओरडतो, ‘व्हेरी’ म्हणणं सोडा, त्याऐवजी हे पन्नास शब्द वापरा. पन्नास शब्द एका मिनिटात. त्यातला एकही दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही, पण पाहणाऱ्याला वाटतं आपण शिकलो. आणि बोट वर सरकवलं की पुढची चित्रफीत नाचाची. माझ्या शेजारचा मुलगा दोन वर्षं इंग्रजी शिकतो आहे असं त्याच्या घरचे समजतात.

आमचा गाइड यातून कसा वाचला? त्याच्याकडे एक वही होती. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. एका चित्रफितीतून एकच वाक्य वहीत, तेही जंगलातलं करून. मोबाईलमधली बाई म्हणाली, ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल,’ की हा लिहिणार, ‘देअर इज अ बेअर अंडर द ट्री.’ आणि दुपारच्या फेरीत ते वाक्य कुणाला तरी म्हणून दाखवणार. रोज समोर बोलायला माणूस होता, ही त्याची खरी शाळा. असं गिऱ्हाईक प्रत्येकाच्या दारात येत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. या चित्रफितींतला ‘रोजचा व्यवहार’ कुणाचा? विमानतळावर सामान हरवलं तर काय बोलावं. कॉफीत दूध नको असेल तर कसं सांगावं. बर्फ पडतो तेव्हा काय म्हणतात. चंद्रपूरला मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो. आमच्या मुलाला ‘इट इज चिली टुडे’ हे वाक्य वापरायची संधी वर्षातून फार तर पंधरा दिवस. मी याला आधी हसण्यावारी नेलं होतं. पण एका फेरीत एका पाहुणीनं आमच्या गाइडला मोहाचं झाड दाखवून विचारलं, तुझी आई या झाडाचं काय करते? आणि इतका वेळ भराभर बोलणारा तो गप्प झाला. मोहफुलं पहाटे कशी गळतात, बायका टोपली घेऊन अंधारात कशा जातात, खाली पडलेला पाला आधी कसा साफ करतात, वाळवतात कशी, विकतात कशी, हे सगळं त्याला तोंडपाठ; लहानपणापासून त्यानं केलेलं. पण एकाही चित्रफितीत मोह नव्हता. तो नुसतं म्हणाला, ‘गुड ट्री, मॅडम.’ हे सांगताना तो मला म्हणाला की त्या दिवशी त्याला शाळेतल्यासारखं वाटलं.

हे ऐकल्यावर मला एटापल्लीकडची माझी पहिली वर्षं आठवली. तिथल्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं घरी माडिया बोलणारी. माडिया ही गोंडीची जवळची, द्राविडी कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. मी त्यांना इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचो आणि समजायचो की अर्थ सांगितला. मुलांना दोन्ही सारखेच परके. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, जो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, भाषांची अशी गर्दी आहे की बाहेरच्याला खरं वाटत नाही. दक्षिणेला सिरोंच्यात तेलुगू. चामोर्शी, मुलचेराकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची बंगाली. कोरचीकडे छत्तीसगढी. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ साली सुरू झाली, तेव्हाही भाषेची ही खिंड आधी ओलांडावी लागली होती. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं तर २०१९ साली गोंडी माध्यमाचीच शाळा काढली.

आणि गंमत अशी की काही बाबतीत या घरच्या भाषा इंग्रजी शिकायला मदत करतात, फक्त कुणी विचारत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जातो’ म्हणजे तू नाहीस, ‘आपण जाऊ’ म्हणजे तूही. सिरोंच्याच्या तेलुगू मुलाकडे याचेच दोन शब्द आहेत, ‘मेमु’ आणि ‘मनमु’. इंग्रजीत मात्र दोन्हीला एकच ‘वी’. इथं इंग्रजी आपल्यापेक्षा गरीब आहे, असं वर्गात सांगितलं की मुलांचे चेहरे असे खुलतात की काय सांगू. इतके दिवस इंग्रजी श्रीमंत आणि आपण गरीब असाच हिशेब त्यांनी ऐकलेला असतो.

तिसरी अडचण सरळ आहे: रेंज. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाइन वर्गाचा गाजावाजा झाला आणि आमच्याकडे मुलं टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर चढून बसली. त्या वेळी खेड्यात अधिक उपयोग झाला तो जुन्या दूरदर्शनचा. २०२०च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागायची, तिला इंटरनेट लागत नव्हतं. नक्षलग्रस्त भागातले २,३४३ मोबाईल टॉवर टूजीवरून फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी त्या टॉवरवर बोलणं व्हायचं, तेही वाऱ्याच्या मर्जीनं. चित्रफीत दिसणं दूरच. भामरागड-एटापल्लीकडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण आठवडी बाजाराला तालुक्याला आले की आठवड्याच्या चित्रफिती मोबाईलवर उतरवून नेत आणि गावात एकमेकांना देत. मीठ-तेलाबरोबर व्याकरण. त्यातली एक मुलगी पुढे नर्सिंगला गेली. ती मला म्हणाली की पुस्तकातली इंग्रजी एकवेळ जमते, पण डॉक्टर भराभर सूचना देतात तेव्हा ‘पार्डन?’ म्हणायचं धैर्य चित्रफितीनं दिलं. तोवर तिला वाटायचं की पुन्हा विचारणं म्हणजे अपमान करणं.

ही रीतिभातीची गोष्ट मला व्याकरणाइतकीच मोलाची वाटते. आपल्या घरात ‘पाणी दे’ म्हटलं तर त्यात उद्धटपणा नसतो. आईला कुणी ‘कृपया’ म्हणत नाही, म्हटलं तर ती विचारेल, बरा आहेस ना? आभारही आपण डोळ्यांनी मानतो. त्यामुळे आमचा गाइड सुरुवातीला पाहुण्यांना म्हणायचा, ‘सिट! डोन्ट टॉक!’ त्याच्या मनात फक्त चितळाचा इशारा ऐकू यावा एवढंच असायचं, पण पाहुण्यांचे चेहरे पडायचे आणि त्याला कारण कळत नसे. ‘कुड यू प्लीज’ हे तीन शब्द वाक्याआधी लावायचे, हे त्याला एका चित्रफितीनं सांगितलं. उलट पाहुण्यांना पहिल्याच भेटीत वय, पगार आणि लग्न यांबद्दल विचारायचं नसतं, हे मात्र त्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, मग बोलायचं काय?

तर २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी एक उद्योग सुरू केला. आमच्याच चित्रफिती. त्याचा मोबाईल, माझं व्याकरण, त्याचं जंगल. दीड मिनिटाच्या वर जायचं नाही. आधी मी लिहून नेलेलं सगळं त्यानं बाद केलं. माझ्या पहिल्या वाक्यातच ‘आज आपण पाहणार आहोत’ असं होतं. तो म्हणाला, एवढ्यात पाहणारा निघून जाते सर, आधी वाघ दाखवा. वाघ रोज कुठून आणणार? मग ठसा दाखवला, ऐनाच्या खोडावरची नखांची खूण दाखवली. ‘दिस’ आणि ‘दॅट’ शिकवायला रानगवा उपयोगी पडला, कारण त्याच्या जवळ कुणी जात नाही, त्यामुळे तो कायम ‘दॅट’. त्याला बायसन म्हणू नका, गौर म्हणा, हेही त्यात सांगून टाकलं. धानाच्या रोवणीवर एक केली. वडसा ही झाडीपट्टी नाटकांची पेठ. तिथल्या नाटकातल्या दोन हौशी नटांना धरून दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा इंग्रजी संवाद केला. त्यांना इंग्रजीचं भय नव्हतं, कारण त्यांनी ते नाटकातलं भाषण समजून पाठ केलं आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. त्यांच्यामुळे मला कळलं की आमच्या मुलांना भाषा येत नाही असं नव्हतं, त्यांना इंग्रजी बोलताना सोंग घेण्याची परवानगी नव्हती.

आणखी एक चित्रफीत आपल्याला आधीच येणाऱ्या इंग्रजीवर आहे. जंगलातल्या माणसाला इंग्रजी येत नाही असं आपण म्हणतो, पण रेंज, बीट, गार्ड, कंपार्टमेंट, डेपो हे शब्द आमच्याकडची म्हातारी बाईही वापरते, आणि खाणपट्ट्यात गेलात तर शिफ्ट, डंपर, ब्लास्टिंग. ‘कूप’ तोडायला गेलेल्या मजुराला माहीतही नसतं की हा शब्द मुळात फ्रान्सातून इंग्रज वनाधिकाऱ्यांबरोबर इथं आला.

मोहाची चित्रफीत सगळ्यांत अवघड गेली. तिच्यात त्याची आई आहे. ती तिच्या बोलीत सांगते, तो इंग्रजीत. ‘मोहफूल वेचणं’ याला काय म्हणायचं यावर आमचं अर्धा तास चाललं. ‘पिक’ म्हटलं तर झाडावरून तोडल्यासारखं वाटतं. फुलं तर जमिनीवर पडलेली असतात. शेवटी ‘गॅदर’ घेतलं. आईला विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली, तुमी कायबी म्हना, पण पहाटंच जाले पायजे, ऊन चढलं का फूल मरते. ते वाक्य आम्ही इंग्रजीत घालू शकलो नाही, बोलीतच ठेवलं. या चित्रफितीत तो आईकडे बोट दाखवून म्हणतो, ‘शी गॅदर्स द फ्लॉवर्स बिफोर सनराइज.’ स्वच्छ ‘शी’. कॅमेरा बंद झाल्यावर आईशी बोलताना त्याचं ‘स’ पुन्हा जागेवर आलं, आणि ते तिथंच असावं असं मला वाटतं.

मी त्याची माफी मागितली का, असं माझ्या बायकोनं मला विचारलं. मागितली, त्याच उन्हाळ्यात. तो म्हणाला, जाऊ द्या सर, बाकीचे मास्तर तर मारत होते. यानं मला बरं वाटावं अशी त्याची इच्छा होती. वाटलं नाही.

गेल्या महिन्यात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची चित्रफीत केली. या वेळी कॅमेऱ्यासमोर मला उभं राहायचं होतं, कारण त्याचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्या माणसानं शिकताना दिसलं तर पोरांची भीड जाते. वाक्य होतं, ‘व्हेरी वाइल्ड व्हिलेज, व्हेरी वाइड वॉटरहोल.’ दात ओठावर, मग चंबू, पुन्हा दात. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. कवळीमुळे थोडं अधिकच. पाचव्यांदा मी म्हटलं, सोड रे, आता या वयात कुठं. त्यानं मोबाईल खाली केला नाही. म्हणाला, ‘आखीन एक खेप म्हना, सर.’

सातव्या खेपेला जमलं. तेवढा वेळ तो हसला नाही.